एकटीनं ऐकायचं पुस्तक

माझाच आवाज एका दुपारी मला पाण्यावरून ऐकू आला. जेवून पडवीत आडवी झाले होते. धानाच्या रोवणीचे दिवस, त्यामुळे गावात माणूस नाही, कुत्रीसुद्धा बायांच्या मागं शेतात गेलेली. पाऊस जरा थांबून आभाळ खाली उतरलेलं. अशा दुपारची झोप ही धड झोप नसते, नुसतं डोळ्यांवर कोणी ओलं फडकं ठेवल्यासारखं होतं. त्यात कुठून तरी एक बाई वाचत होती. सावकाश, जरा मास्तरकी थाटात, पूर्णविरामाला थांबून. मला वाटलं, मी शाळेतच आहे आणि वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून माझाच तास ऐकते आहे. मग ती बाई खोकली. तो खोकला माझा होता.

मी उठले, चपला घातल्या आणि आवाजाच्या मागं निघाले.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावापासून बसनं अर्ध्या तासावर. रस्त्याच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला बांध्या, म्हणजे धानाची लहान लहान चौकोनी शेतं. रोवणीच्या दिवसांत त्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि सगळं आभाळ जमिनीवर सांडलेलं दिसतं. कोणती बांधी कुठं संपते आणि ढग कुठं सुरू होतो, ते चालताना कळत नाही. अशा पाण्यावरून आवाज फार लांब जातो. मी पोचले तेव्हा बाया वाकून धानाचे परे, कोवळी रोपं, चिखलात रोवत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली माझ्या शेजारची पोरगी बसली होती. तिच्या मांडीवर भजनं वाजवायचा लहानसा डबा होता, आणि त्या डब्यातून मी वाचत होते.

एका बाईनं कंबर सरळ करून माझ्याकडं पाहिलं.

"बाई, तुमी इथी काऊन आल्या? तुमी तं डब्यात होत्या ना!"

सगळ्या बांधीत हशा पिकला. दुसरी तिच्यावरच ओरडली, "हसू नोका वं, आयकू द्या. डोंगा मधातच हाय अजून." आणि सगळ्या पुन्हा वाकल्या. शाळेत उभा जन्म 'गप्प बसा, गप्प बसा' करून मी घसा कोरडा केला. इथं मी जिवंत समोर उभी असताना माझ्याच आवाजासाठी मला गप्प बसवलं गेलं. राग यायला हवा होता, माझ्या नाकावर तो असतोच. पण मी चिखलात तशीच उभी राहिले आणि ऐकत राहिले.

त्या पोरीबद्दल सांगायला हवं. लहानपणी तापानं तिचे डोळे गेले. अंध मुलींच्या शाळेत राहून बारावी केली, मग घरी परत आली आणि घरूनच बी. ए. करायला लागली. डोकं इतकं तल्लख, की विहारात कोणी नवं गीत एकदा म्हटलं की पुढच्या खेपेला ही ते पुढं म्हणायची. पण गावात तिची ओळख एकच, आंधळी. तिची आई रोवणीच्या टोळीत कामाला जायची आणि पोरीला घरी एकटं ठेवायला जीव धजायचा नाही, म्हणून सोबत न्यायची. "आंधळीले सावलीत बसव वं," कोणी तरी म्हणायचं. मग तिला हाताला धरून झाडाखाली बसवत, तहान लागली का विचारत, आणि संध्याकाळी पुन्हा हाताला धरून घरी आणत. वाईट कोणी वागत नव्हतं. फक्त जेवणाचे डबे आणि पाण्याचे हंडे ठेवले होते त्यांच्या शेजारी तिला ठेवलेलं असायचं.

बी. ए.ला तिला एक कादंबरी होती. नागपूरच्या एका म्हाताऱ्या लेखकाची, वैनगंगेवर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवणाऱ्या एका बाईची. नदीच्या अल्याडची माणसं पल्याड आणि पल्याडची अल्याड नेण्यात तिचं आयुष्य जातं, आणि मग नदीवर पूल होतो. पुस्तक ब्रेलमध्ये नव्हतं, आवाजातही नव्हतं. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, रिकामी, आणि बोलायची सवय सुटलेली नव्हती. "आण इकडं, मी वाचते," म्हणाले आणि तिच्या फोनवर वाचून साठवायला लागले.

ते दिवस मला आता स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. फाल्गुन संपत आलेला, पडवीत चटईवर मोहफुलं वाळत घातलेली, त्यांच्या वासानं डोकं जड व्हायचं. लांबवर धानाची गिरणी एकसुरी चालू असायची आणि वाऱ्याबरोबर कोंड्याची बारीक धूळ यायची. मी वाचायची, ती भिंतीला टेकून ऐकायची. मधेच दोघींनाही डुलकी लागायची. जागी झाल्यावर मला कळायचं नाही की मी कादंबरीतली नदी वाचत होते की पाहत होते. ती म्हणायची, "बाई, तुमी थांबल्या होत्या, पन डोंगा चालूच होता."

आमच्या त्या वाचनात गावही शिरलं. फोनला काय कळतं, कोणता आवाज पुस्तकातला आणि कोणता बाहेरचा? पुलाचा पहिला खांब उभा राहतो त्या पानावर शेजाऱ्यांचा कोंबडा आरवला, भर दुपारी. तो तसाच राहिला. वैशाखात परीक्षा झाली. हिनं लेखनिकाला उत्तर सांगितलं, की खांब उभा राहतो त्याच क्षणी लेखकानं कोंबडा आरवताना दाखवला आहे, त्यातून जुना काळ संपून नवा दिवस उगवल्याचं सुचवलं आहे. घरी येऊन तिनं मला हे मोठ्या आनंदानं सांगितलं, आणि मी जीभ चावली. निकाल लागला तेव्हा त्या पेपरात तिला चांगले मार्क होते. म्हणजे तपासणाऱ्यानंही पुस्तक वाचलेलं नसावं. कोंबडा मात्र पुढं आखाडात रश्श्यात गेला, त्याला त्याची कीर्ती कळली नाही.

परीक्षा झाली तरी तिनं ते वाचन पुसलं नाही. रोवणीला झाडाखाली बसून कानात वायर घालून पुन्हा पुन्हा ऐकायची. आता आमच्याकडची एक रीत आहे, आमच्याकडं एकट्यानं काही ऐकत नाहीत. रेडिओ होते तेव्हा ते ओट्यावर असायचे. टीव्ही आला तो खिडकीकडं तोंड करून ठेवला गेला, बाहेरच्यांनाही दिसावा म्हणून. सून कानात वायर घालून बसली तर सासू विचारते, बरं नाही का वं? तेव्हा ही पोर एकटीच गालात हसते आहे, मधेच डोळे पुसते आहे, हे बायांना सहन होईना. तिची आई म्हणाली, "काय आयकून राह्यली तं मोठ्यानं लाव ना. आमाले काय कान नाई?"

तिनं मोठ्यानं लावलं. मूलच्या बाजारातून डबा आला. आणि चार दिवसांत सगळं उलटंपालटं झालं. सकाळी टोळी निघायची तेव्हा बाया तिच्या दारात येऊन थांबायला लागल्या. "चाल लवकर, काल ते पोरगं तापलं होतं, वाचते का मरते?" कोणत्या बांधीत तिला कुठं बसवायचं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल, यावर भांडणं व्हायला लागली. जे चुकलं ते ती दुसऱ्या दिवशी आधी थोडक्यात सांगायची, कोणी मधे बोललं तर दटावायची. मी त्या दुपारी चिखलात उभी राहून पाहिलं ते हे. ती झाडाखालीच बसली होती, पण आता ठेवलेली नव्हती. मला इतका आनंद झाला की घरी परतताना मी एकटीच मोठ्यानं काहीबाही बोलत आले.

बायांनी ते वाचन एकमेकींच्या फोनवर घेतलं. एकीनं माहेरी पाठवलं, दुसरीनं बहिणीला. असं करत करत ते नागभीडला लेखकाच्या पुतणीच्या फोनवर जाऊन थडकलं. आणि तोच माग उलटा काढत एक दिवस मला फोन आला.

आवाज म्हातारा होता, शुद्ध होता आणि संतापानं थरथरत होता. माझी कादंबरी वाचायला तुम्हाला परवानगी कोणी दिली? मी म्हटलं, सर, एका अंध मुलीसाठी वाचली. "मग माझ्या पुतणीच्या फोनवर ते कसं? तिचे डोळे तर चांगले आहेत," ते म्हणाले. "आणि त्यात तो कोंबडा कोणाचा?"

मीही डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, तुमचं पुस्तक दुकानात मिळत नाही, वाचनालयात मिळत नाही, आता कुठं माणसं ऐकायला लागली तर तुम्ही भांडता.  मग ते हळू आवाजात बोलायला लागले. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका नाटक कंपनीनं त्यांची गोष्ट उचलली होती. नाव बदललं, डोंगेवालीला नाच आणि गाणी दिली, आणि शेवटी तिचं एका फौजदाराशी लग्न लावून दिलं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रांच्या, दिवसांत गावोगाव प्रयोग झाले. लेखक स्वतः तिकीट काढून मंडपात बसले आणि आपली गोष्ट पाहून आले. पडदा पडल्यावर शेजारचा माणूस यांना म्हणाला, काय लिहिलंय राव लिहिणाऱ्यानं! "आणि मी त्याला सांगूही शकलो नाही," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकाचा शेवट लिहायला मला दोन पावसाळे लागले होते, बाई."

 माझं भांडण तिथंच विझलं.

चंद्रपूरला माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, पोरीसाठी वाचलं ते अगदी बरोबर केलं. ज्याला अपंगत्वामुळं छापलेलं वाचता येत नाही, त्याच्यासाठी पुस्तक आवाजात करून द्यायला लेखकाला विचारावं लागत नाही. कॉपीराइटच्या कायद्यात तसा अपवाद आहे. पण ते फक्त तिच्यासाठी. इतरांनी ऐकलं की अपवाद संपला."

"चारचौघांत वाचून दाखवायलाही बंदी?"

"वाजवी उतारा चालतो. अख्खं पुस्तक नाही."

"वाजवी म्हणजे केवढा? एक बांधी रोवून होईल एवढा?"

तो हसला. मी हसले नाही. त्या टोळीतल्या पुष्कळ बायांना अक्षर येत नाही. शाळेत बसायच्या वयात त्या कोणाचं तरी पोर कडेवर घेऊन याच धुऱ्यांवर बसल्या होत्या. मी विचारलं, यांना पुस्तक दिसतं, पण वाचता येत नाही, मग यांचं काय? तो म्हणाला, "कायदा डोळे बघतो, बाई. शाळा बघत नाही." कायदा बदलायला हवा असं पुष्कळ लोक म्हणतात, हेही त्यानं सांगितलं. पण सूट सैल करायची म्हटलं की उद्या कोणीही उठून म्हणेल, माझ्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाही, आणि लेखकाच्या जिवावर दुकान उघडून बसेल. ते नाटकवाले आठवून मला हेही पटलं. दोन्ही बाजू पटल्या की माणसाची फार पंचाईत होते.

मी कायदा लिहिणारी असते तर लिहिलं असतं, ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकू द्या, कारण काहीही असो. ऐकवणाऱ्यानं त्यावर कमाई करू नये, लेखकाचं नाव आधी घ्यावं, आणि लेखक हयात असेल तर त्याला निदान एक फोन करावा. इतकं साधं वाटतं मला ते. पण मी निवृत्त मास्तरीण, माझं कोण ऐकतं? माझा आवाज तेवढा ऐकतात, तोही डब्यातला.

धुऱ्यावर जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, फोनमधून काढून टाका. का, ते त्यांना कळावं म्हणून नाटकाची गोष्टही सांगितली. बाया वाईट वाटून घेत राहिल्या, त्या म्हाताऱ्यासाठीसुद्धा. "बिचाऱ्याले इचारा लागत होतं," एक जण म्हणाली. मग ओल्या हातांनी एकेकीनं फोन माझ्यापुढं धरला, कारण पुसायचं कसं हे त्यांना येत नव्हतं. मीच सगळ्यांचं पुसलं. पुलाचं काम अर्ध्यावर आलं होतं, त्याच्या पुढचं कोणी एकटीनं ऐकलं नव्हतं, तिथंच त्यांची गोष्ट तुटली.

पोरीचं मात्र ठेवलं. ते कायद्यानं तिचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती कानात वायर घालून बसायला लागली. सगळं नियमानं, कोणाचा काही आक्षेप नाही. बाया मुकाट्यानं रोवत होत्या. सकाळी तिच्या दारात कोणी थांबेना, आईनंच हाताला धरून आणायचं. डबे, हंडे आणि ती. तिला पुस्तक मिळालं होतं, पण एकटीनं ऐकायच्या अटीवर, आणि त्या अटीत तिची धुऱ्यावरची जागा गेली होती. मी लांबूनच बघून परत फिरायची. हा अपवाद कोणी तरी चांगल्या मनानंच लिहिला असेल. पण लिहिणाऱ्यानं असं धरलं होतं की आंधळं माणूस एका खोलीत एकटंच बसलेलं असतं.

मग एक दिवस तिनं कानातली वायर काढून आईच्या डब्याच्या पिशवीत टाकली. वारा पडलेला होता, पाण्यावर तरंग नव्हता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "त्या डोंगेवालीचं पुढं काय झालं, सांगू का?" आणि सांगायला लागली. माझ्यासारखं वाचल्यागत नाही. आमच्या बोलीत, जिच्यात बायाही 'मी जातो' म्हणतात, हात हलवत, मधेच त्या बाईच्या आवाजात, मधेच नदीच्या. सुरुवातीला तिनं त्या लेखकाचं नाव घेतलं, "हे त्याहीनं लिवलेलं हाय, मी नुसती सांगून राह्यलो." बायांचे हात आपोआप एका लयीत आले. मी धुऱ्यावर टेकले. दुपार कधी कलली ते कळलं नाही, पाण्यातले ढग तांबूस झाले तेव्हा लक्षात आलं.

रात्रीचं जेवण उरकायच्या आतच मी वकिलाला फोन केला, निदान हे तरी चालतं का म्हणून. तो म्हणाला, "कोण खटला करणार आहे, बाई? पण नियमानं विचाराल तर अख्खी कादंबरी आपल्या शब्दांत लोकांपुढं मांडणं, तेही रूपांतरात येऊ शकतं." मी फोन ठेवला. पोर माझ्याच ओट्यावर बसली होती, फोनमधला वकिलाचा आवाज तिनं सगळा ऐकला. 

मग तिच्यासमोरच मी लेखकाला फोन केला. म्हटलं, सर, आता डबा नाही, कोंबडा नाही, एक मुलगी तोंडानं सांगते. तुम्ही एकदा येऊन बघा, आणि मग बंद कर म्हणालात तर ती बंद करेल, मी जबाबदार. मला वाटलं होतं, ते टाळतील. ते म्हणाले, "येतो."

नागपूरहून नागभीड, तिथून मूल, तिथून आमच्या गावची बस. छत्री आणि खांद्याला पिशवी, अंगानं अगदी काटकुळे. मी कोणाला सांगितलं नाही की हे कोण. धुऱ्यावर त्यांना घेऊन गेले आणि एका दगडावर बसवलं. "इथं बसा, जरा ओलं आहे," म्हटलं. बारीक पाऊस होता, बायांनी पाठीवर मेणकापडं बांधली होती. ते छत्री न उघडता बसले.

त्या दिवशी गोष्ट शेवटावर आली होती. पुस्तकात तो शेवट असा आहे. पुलाचं उद्घाटन होतं, सगळं गाव पुलावरून चालत जातं. डोंगेवाली घाटावर वाट बघते, कोणी येत नाही. मग ती एकटीच डोंग्यात बसते, दोर सोडते, आणि नदीच्या धारेबरोबर खाली निघून जाते. कुठं गेली ते लेखक सांगत नाही. 

पोरगी सांगत होती. घाट आला, वाट बघणं आलं. बाया रोवायच्या थांबल्या. डोंगेवालीनं दोराला हात घातला. आणि मग पोरगी म्हणाली, तेवढ्यात पुलावरून एक बाई धावत आली. "थांब माय, मले पल्याड सोड. पुलावरून मले भेव लागते." तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. डोंगा भरला आणि निघाला. बांधीतल्या बायांनी एकदम मोठा श्वास सोडला. एक जण चिखलाच्या हातानं डोळे पुसत म्हणाली, "मंग बरं झालं. एकटी सोडा लागत नाई."

मी लेखकाकडं बघायला घाबरत होते. पुन्हा शेवट बदलला गेला होता, आणि तो त्यांच्या समोर. पण ते रागावलेले नव्हते. चेहरा पावसानं ओला होता, का कशानं ते मी सांगणार नाही. परतताना रस्त्यावर ते म्हणाले, "नाटकवाल्यांनी बदललं ते टाळ्यांसाठी. इथं मायेनं बदललं. यांना तिला एकटं जाऊ देववलं नाही. सांगू द्या तिला, मी काही म्हणणार नाही." बस आली. त्यांनी खिडकीतून हात हलवला.  मी जवळजवळ पळतच शेताकडं गेले, तिला सांगायला.

टोळी सुटत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, "ते भाऊ गेले का?"

मी चमकले. "तुला कळलं होतं?"

"तुमी 'इथं बसा' म्हनल्या. गावच्या मानसाले तुमी 'बस' म्हनता." मग तिनं विचारलं, "बंद कर म्हनले काय?"

"नाही गं. सांग म्हणाले. शेवट बदललेला त्यांना फार आवडला. मायेनं बदलला म्हणाले."

तिचा चेहरा पडला. आम्ही धुऱ्यावर उभ्या होतो, दोन्ही बाजूंना पाणी. ती म्हणाली, "मायेनं नाई, बाई. भेवानं बदलला. वकील म्हनले ना, त्याहीचं अख्खं सांगनं चालत नाई. म्हनलं शेवट माहा केला तं ते त्याहीचं राहनार नाई, अन् मले बंद कर म्हनता येनार नाई."

तिनं तोंड बांधीतल्या पाण्याकडं वळवलं.

"मले त्याहीचाच शेवट आवडते," ती म्हणाली. "सबन पुस्तकात तोच आवडते. ती बाई एकटी जाते. कोनी तिचा हात धरत नाई."

तिचा हात अजून माझ्या हातात होता. तो मी सोडला.

मग फोन काढून लेखकाला लावला. बस मूलच्या रस्त्याला लागली होती, खडखडाट ऐकू येत होता. मी जे ऐकलं ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं, माझे शब्द मधे न घालता.  ते म्हणाले, "तिच्याकडं द्या." मी फोन तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं सरकले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती नुसती "हो," म्हणत होती. "हो भाऊ. नाई, पाठ हाय मले. जसा हाय तसाच सांगतो."

दुसऱ्या दिवशी रोवणीचा शेवटचा तुकडा उरला होता. बाया बांधीत उतरल्या तेव्हा ती झाडाखाली बसली नाही, धुऱ्यावर उभी राहिली. लेखकाचं नाव घेतलं, मग स्वतःचं घेतलं, आणि म्हणाली, "काल मी खोटा शेवट सांगतला. खरा आज सांगतो." बायांनी हातातले परे खाली ठेवले.